वेळ, जागा आणि सोबती

(धाराशिव इथं तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे कळलं की मला साधारण दोनच विषयांवर बोलायला बोलावतात. एक, कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी. दोन, एआयमुळे आपल्या नोकऱ्या जाणार का. आजही आधी तेच सुचवलं होतं. मी म्हटलं, या वेळी मला गाण्याच्या बैठकीवर बोलू द्या. फोनवर थोडा वेळ शांतता. मग पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे कव्वाली का?"

कव्वाली मला आवडते. पण आज मी ख्यालगायनाबद्दल बोलणार आहे. तेही मोठ्या मंडपातल्या महोत्सवाबद्दल नाही, तर घरातल्या एका खोलीत, तीस-चाळीस माणसांसमोर, माईक न लावता होणाऱ्या गाण्याबद्दल. आपल्या गावात, आमच्या जुन्या घरात अशा चार बैठका आम्ही केल्या. त्या कशा केल्या, कुठं चुकलो आणि तुम्ही त्या का कराव्यात, एवढंच सांगायला उभा आहे.

आधीच कबूल करतो, मी गायक नाही. मला तबल्यावर एक बोल वाजवता येत नाही. बैठकीत माझं काम सतरंजी अंथरायचं, चहा सांगायचा आणि गप्प बसून ऐकायचं.

अब्बांचा रेडिओ

आमचं घर जुन्या वस्तीत आहे. माळवदाचं घर. पुढं ढाळज, मग छोटं अंगण, मग माजघर. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन-अडीच फूट जाड. अब्बा सरकारी कचेरीत कारकून होते. रात्री जेवण झालं की ते ढाळजेत बाज टाकायचे आणि रेडिओवर सोलापूर केंद्र लावायचे. शास्त्रीय गाणं लागलं की कान रेडिओला चिकटवून ऐकायचे, कारण आवाज अगदी बारीक ठेवलेला असायचा. मी लहानपणी विचारायचो, मोठा का करत नाही? ते म्हणायचे, "आवाज बाहर नको जाने दे."

मला तेव्हा वाटायचं, शेजारी चाचांचं घर आहे, चाचा नमाजी माणूस, त्यांना आवडत नाही म्हणून असेल. ते कारण होतंच. पण मोठा झालो, वाचायला लागलो, तेव्हा दुसरं कारणही उमगलं. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आधी रझाकारांचे अत्याचार झाले आणि १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर त्याची किंमत अशा कितीतरी मुस्लिम घरांनी मोजली, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. अब्बांचा जन्म त्यानंतरचा, पण ते त्या दिवसांची आठवण असलेल्या घरात वाढले. आवाज बाहेर जाऊ नये ही सवय अशा घरांत फक्त गाण्यापुरती नसते.

अब्बांनी आयुष्यभर गाणं ऐकलं ते रेडिओवर. समोर बसून एकदाही नाही. हे मला ते गेल्यानंतर दोन वर्षांनी लक्षात आलं, पुण्यात.

ऑफिसमधल्या एका मित्राच्या फ्लॅटवर बैठक होती. सोफे भिंतीला सरकवलेले, खाली गाद्या, पंचवीस-तीस माणसं. मी उशिरा पोचलो म्हणून पुढं जागा मिळाली. गायकापासून सहा फुटांवर. दोन तंबोरे जुळवून झाले, त्यांचा नाद खोलीत भरला आणि माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज मी लहानपणापासून ऐकत होतो असं मला वाटत होतं. मी तो ऐकलाच नव्हता.

इथं थोडं इंजिनिअरिंग सांगतो, सवय आहे. समजा एखादा गायक काळी एक पट्टीत गातो. त्याचा मधला सा साधारण १३८ हर्ट्झवर आणि तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झवर. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून हे खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू खालचा स्वर अंदाजानं भरून काढतो. म्हणजे फोनवर तंबोरा ऐकताना निम्मा तंबोरा आपण स्वतःच्या डोक्यात तयार करत असतो. तारेखाली घोडीवर सुताचा जो बारीक दोरा सरकवतात, ज्यामुळं जवारी खुलते, तो एका केसाएवढा इकडंतिकडं झाला तरी नाद बदलतो. ते सगळं खोलीत ऐकू येतं. गायकानं श्वास कुठं घेतला, स्वर लावायच्या आधी तो क्षणभर कसा थांबला, तबलजीकडं बघून कसा हसला, हेही तिथंच कळतं.

मी घरी आलो. अम्मी माझ्याजवळ पुण्यातच असते. तिला म्हटलं, अब्बांच्या घरात अशी बैठक करायची. ती म्हणाली, "तेरे चाचा को पूछ."

हे गाणं खोलीतच वाढलं

चाचांचं पुढं सांगतो. त्याआधी बैठकीबद्दल थोडं.

आज आपण शास्त्रीय संगीत म्हटलं की सभागृह, स्टेज, पडदा, पहिल्या रांगेतले पाहुणे असं चित्र डोळ्यांपुढं आणतो. ख्याल मात्र दरबारातल्या दालनात, हवेलीत, वाड्याच्या दिवाणखान्यात, तवायफांच्या कोठ्यावर, दर्ग्याच्या आवारात वाढला. ऐकणारे मोजके, पण जाणते. पुढं विष्णु दिगंबर पलुस्करांसारख्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या आणि गाणं सर्वांसाठी खुलं झालं. हे फार मोठं काम होतं, कारण दिवाणखान्यात आपल्यासारख्यांना कुणी बसू दिलं नसतं. संस्थानं विलीन झाली, दरबारचा आश्रय संपला, गाणं रेडिओवर, संगीत मंडळांत आणि महोत्सवांत आलं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. आज तिथं हजारो लोक बसतात, ते चांगलंच आहे. फक्त या सगळ्यात खोली मागं पडली. ती परत आणायची, पण जुन्या काळचा उंबरा वगळून, असं माझं म्हणणं आहे.

आता आपल्याकडचं पाहा. अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे. पण त्यांचं घर झालं मिरज. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल. खाँसाहेबांचीच मुलं सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना खाँसाहेब एका रेल्वे स्टेशनवर गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. आजही तिथं उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते आणि सगळ्या धर्मांचे कलावंत हजेरी लावतात.

अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारात आले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडं शिकल्या. मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर. मुंबईत भेंडीबाजारात राहायला आलेल्या तीन खाँसाहेब भावांचं तर घराणंच त्या मोहल्ल्याच्या नावानं ओळखलं जातं. त्यांपैकी नझीर खाँ यांनी अंजनीबाई मालपेकरांना शिकवलं. याच भेंडीबाजारात पुढं अमान अली खाँ झाले आणि लता मंगेशकर त्यांच्याकडं काही काळ शिकल्या. उलट दिशेनंही पाहा. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. ते शिकले वासुदेवबुवा जोशींकडं आणि वासुदेवबुवा शिकले हस्सू खाँकडं.

आणि हे सगळे ज्या तंबोऱ्यावर गायले, तो तंबोरा बघा. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिरजेतल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या मुस्लिम कारागिरांनी, हत्यारांचे दिवस सरल्यावर सतार आणि तंबोरे घडवायला घेतले. त्यांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याला लागणारे भोपळे पिकतात पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठावर. म्हणजे वारकऱ्यांच्या मातीतला भोपळा, शिकलगाराचा हात. धाराशिववरून कुर्डुवाडी, पंढरपूरमार्गे मिरजेला रेल्वे जाते. एकदा जाऊन या. कारखान्यात बसून तंबोरा जुळताना ऐका.

आपल्या जिल्ह्यातलंच हवं असेल तर नळदुर्ग आहे. आपण किल्ल्यात जातो, पाणीमहालावरून पडणाऱ्या पाण्याबरोबर सेल्फी काढतो आणि परत येतो. ज्या इब्राहिम आदिलशाह दुसऱ्याच्या काळात तो पाणीमहाल झाला, तो स्वतः तंबोरा वाजवायचा. त्याच्या वाद्याला त्यानं नाव ठेवलं होतं मोती खाँ. त्यानं दख्खनी भाषेत गाण्यांचं एक पुस्तक लिहिलं, 'किताब-ए-नौरस'. त्यात सरस्वती आहे, गणपती आहे आणि ख्वाजा बंदेनवाजही आहेत. त्याची दख्खनी म्हणजे आपण घरात बोलतो तिची आजी.

ही नावं आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो. "पाहा, आमचे खाँसाहेब." मीही पाठवलेली आहेत. पण तुम्हाला एक प्रश्न विचारतो. आपल्या मोहल्ल्यातला एखादा मुलगा तबला शिकायला लागला तर त्याला आपण काय म्हणतो? "मिरासी होणार का?" मिरासी म्हणजे पिढीजात गाणारी-वाजवणारी जमात. हे गाणं ज्यांनी जपलं त्यांच्या जातीचं नाव आपल्याकडं शिवी म्हणून वापरलं जातं. ज्या बायकांनी कोठ्यांवर हे गाणं सांभाळलं त्यांचं तर नावही घेत नाही. आधी हा हिशेब आपण आपल्याशी करायला हवा, मग खाँसाहेबांचा अभिमान मिरवू.

चाचांच्या तीन अटी

तर मी चाचांकडं गेलो. ते पंचाहत्तरीचे. मी विषय काढला. ते बराच वेळ तसबीह फिरवत बसले. मग म्हणाले, "भाई के घर में गाना-बजाना? लोगां क्या बोलेंगे?"

संगीत इस्लाममध्ये जायज आहे की नाही, यावर मी इथं काही निवाडा देणार नाही. मी मौलाना नाही. उलेमांमध्ये यावर शेकडो वर्षं मतभेद आहेत. अनेकांनी मनाई केली आहे. चिश्ती सूफींनी समाला, म्हणजे भक्तिगीत ऐकण्याला, काही अटींवर जागा दिली. इमाम गझालींनी 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात समावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. त्यात ते जुनैद बगदादींच्या नावावर एक गोष्ट सांगतात, की ऐकण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. वेळ, जागा आणि सोबती. त्या जुळत नसतील तर ऐकू नये. ते बोलणं ख्यालाबद्दल नव्हतं, हे मला माहीत आहे. पण चार बैठका केल्यावर मला वाटतं, बैठक म्हणजे काय हे याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

हे मी चाचांना सांगितलं नाही. घरातल्या मोठ्यांसमोर पुस्तकं फेकायची नसतात. मी एवढंच म्हटलं, अब्बांना आवडायचं. चाचा म्हणाले, "मालूम है. मेरेकू क्या नहीं मालूम?" म्हणजे त्या बारीक केलेल्या रेडिओचा आवाज इतकी वर्षं भिंतीपलीकडं जातच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन अटी घातल्या. इशाची नमाज होऊन माणसं घरी गेल्यावर सुरू करायचं, आधी नाही. लाउडस्पीकर लावायचा नाही. आणि दारू पिणारा किंवा धिंगाणा करणारा माणूस उंबऱ्याच्या आत नको. मी लगेच हो म्हटलं. मनात आलं, काका, तुम्ही न वाचता गझालीच सांगितला. वेळ, जागा आणि सोबती.

आम्हाला आधी एखादा छोटा हॉलही बघायचा होता, घरात नाहीच जमलं तर असावा म्हणून. एका ठिकाणी फोन केला. माझं नाव ऐकून आधी कव्वालीचा प्रश्न, मग "तुम्ही लोक शास्त्रीय ऐकता?" असा प्रश्न. त्या गृहस्थांच्या आवाजात राग नव्हता, खरंच नवल होतं. हॉल दिला नाही, कारण सांगितलं नाही. म्हणजे इकडून प्रश्न, मुसलमानाच्या घरात गाणं कशाला. तिकडून प्रश्न, गाण्यात मुसलमान कुठून आला. हस्सू खाँ, अब्दुल करीम खाँ, अल्लादिया खाँ यांच्यानंतर दोनच पिढ्यांत दोन्ही बाजूंना एवढा विसर पडला. तेव्हाच ठरवलं की हॉल नको, घरच बरं.

वेळ

पहिली बैठक थंडीत झाली, रात्री नऊला. सोलापूरहून एक तरुण गायिका, तिच्याबरोबर तबला आणि पेटीची साथ. तिनं बिहाग घेतला. मध्यरात्रीच्या सुमाराला मालकंस.

तुम्हाला माहीत असेल, रागांना वेळा आहेत. बिहाग रात्रीचा, मालकंस आणखी उशिराचा. आता २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. नियम योग्य आहे, आजारी माणसं, अभ्यास करणारी मुलं सगळीकडं असतात. पण त्याचा एक परिणाम असा झाला की पूर्वी रात्रभर चालणारे महोत्सव दहाला संपतात आणि उत्तररात्रीचे राग ऐकायला मिळत नाहीत. बंद खोलीत, माईक नसताना, जाड भिंतींच्या आत मालकंस त्याच्या वेळेला गाता येतो. कुणाची झोपमोड होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेच्या लांबीची. अब्दुल करीम खाँच्या जुन्या ध्वनिमुद्रिका साधारण तीन मिनिटांच्या, कारण तबकडीवर तेवढंच मावायचं. आज आपण तीस सेकंदांच्या रीलवर आलो आहोत. बैठकीत पहिली वीस मिनिटं आमच्यातल्या अर्ध्या लोकांना कंटाळा आला, हे स्पष्ट सांगतो. मलाही येतो. एकानं तर फोन काढला. विलंबित लय, एकेक स्वर सावकाश, काहीच घडत नाही असं वाटतं. मग कधीतरी आपला श्वास त्या लयीला लागतो. ते कधी झालं हे सांगता येत नाही. पण त्यासाठी ती वीस मिनिटं द्यावीच लागतात.

जागा

पुण्यात मी एका मित्राला म्हटलं होतं, घर जुनं आहे, आवाज नीट येईल का माहीत नाही. बरोबर उलट झालं. मातीच्या जाड भिंती आणि लाकडी सरांचं माळवद. सिमेंटच्या गुळगुळीत खोलीत आवाज भिंतीवरून आपटून परत येतो, शब्द एकमेकांत मिसळतात. माती आणि लाकूड आवाज थोडा पिऊन घेतात. गायिका म्हणाली, इथं जोर लावावाच लागत नाही. हळू गायलं तरी मागं बसलेल्याला कळतं.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची अशी घरं असतील. कळंबला, परंड्याला, भूमला, उमरग्याला. पोरं पुण्या-मुंबईला, घराला कुलूप. माळवद गळतं म्हणून पाडून स्लॅब टाकायचं चाललेलं असतं. आमचंही तेच बोलणं सुरू होतं. पाडायच्या आधी एकदा त्यात तंबोरा लावून बघा.

जागा म्हणजे फक्त भिंती नव्हेत. कोण कुठं बसतं हेही आलंच. मोहल्ल्यातल्या सहा बायका आल्या होत्या. त्या आपोआप माजघरात, दाराआड बसायला निघाल्या. गायिकेनंच त्यांना बोलावलं, "आपा, यहाँ आइए, मला समोर बायका असल्या की बरं वाटतं." त्या येऊन पहिल्या ओळीत बसल्या. दुसऱ्या बैठकीपासून तो प्रश्न आलाच नाही.

सोबती

पहिल्या रात्री एकतीस माणसं होती. माझे दोन मित्र, शाळेतले गुरुजी, एक होमिओपॅथ डॉक्टर, रिक्षा चालवणारे दोघे, तुळजापूरहून आलेले एक संबळवादक आणि भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक आजोबा. दाद कधी द्यायची हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आजोबांना होतं. समेवर त्यांची मान हलायची. तीनतालात सोळा मात्रांचं आवर्तन असतं, प्रोग्रामिंगमधल्या लूपसारखं फिरत राहतं आणि सम म्हणजे जिथं सगळे परत भेटतात ती पहिली मात्रा. तासाभरानं आम्ही सगळे आजोबांच्या मानेकडं बघून सम ओळखायला शिकलो. नंतर मान बघायची गरज राहिली नाही. मी कुठल्याही ॲपवरून हे शिकू शकलो नसतो.

संबळवादक भाऊ पूर्ण वेळ तबलजीच्या डाव्या हाताकडं बघत होते. चहाच्या वेळी दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. देवीच्या गोंधळातली चाल कशी, तबल्यावर ती कशी बसेल. एक म्हणतो असं, दुसरा मांडीवर वाजवून दाखवतो. मोठ्या सभागृहात हे दोघं एकमेकांना भेटलेच नसते. एक स्टेजवर असता, एक शेवटच्या रांगेत.

तिसऱ्या बैठकीला मात्र कलाकार धरून नऊ माणसं होती. त्याच दिवशी क्रिकेटची मॅच आणि गावात दोन लग्नं. मला इतकी लाज वाटली की गायकाकडं बघवेना. ते वयस्क होते. म्हणाले, "नऊ पुष्कळ झाले. रियाजाला तर एकच असतो." आणि तीन तास गायले. त्या नऊपैकी एक मुलगा आता सोलापूरला तबला शिकायला जातो, दर रविवारी, एसटीनं. तो आमच्याच मोहल्ल्यातला आहे. त्याला मिरासी म्हणणारेही आहेत.

पैशाचं बोलू

बैठक म्हणजे कलाकारानं प्रेमापोटी फुकट गायचं, असा गैरसमज करून घेऊ नका. पूर्वी राजा पोसायचा, शेठ पोसायचा. आता ऐकणाऱ्यांनीच ते करायचं.

आमचा पहिल्या बैठकीचा हिशेब सांगतो. गायिकेला सहा हजार, तबला आणि पेटीला तीन-तीन हजार. गाडीखर्च अठराशे. चहा, पोहे नऊशे. एकूण १४,७०० रुपये. दाराशी पेटी ठेवली होती, ज्याला जे वाटेल ते टाका. निघाले ६,३५०. उरलेले ८,३५० आम्ही तिघा मित्रांनी भरले. हे एकदा जमतं, नेहमी जमत नाही.

मग आम्ही जुनाच मार्ग घेतला. कोल्हापूरचा देवल क्लब असो की गावोगावची संगीत मंडळं, ती सभासदांवर चालली. आम्ही वीस घरं शोधली. प्रत्येकी महिन्याला तीनशे रुपये. महिन्याचे सहा हजार, तीन महिन्यांचे अठरा हजार. दर तीन महिन्यांनी एक बैठक होते, कलाकाराला मानधन गाण्याआधी पाकिटात मिळतं आणि थोडे शिल्लक राहतात. त्या शिलकीतून मिरजेचा एक तंबोरा घ्यायचा विचार आहे. तोवर गायक स्वतःचा आणतात. वीस घरांत अकरा मुस्लिम, नऊ इतर. असं ठरवून केलं नव्हतं. विद्यार्थ्यांना वर्गणी नाही, त्यांनी सतरंज्या उचलायच्या.

हे आम्ही शोधून काढलेलं नाही. आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली स्पिक मॅके सुरू केलं आणि मोठमोठ्या कलावंतांना कॉलेजच्या पोरांसमोर आणून बसवलं. पुण्यात बैठक फाउंडेशन शाळांमध्ये शास्त्रीय संगीत घेऊन जातं. लंडनमध्ये २००९ साली सोफार साउंड्स नावानं लोकांच्या दिवाणखान्यात छोट्या मैफली सुरू झाल्या आणि जगभर पसरल्या. सगळ्यांना एकच गोष्ट कळली होती, की जवळ बसल्याशिवाय ऐकणं होत नाही.

चाचांचं काय झालं

हे तुम्ही विचारणारच.

चाचा बैठकीत येऊन बसलेले नाहीत. चारही वेळा नाही. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही, आणि ते बदलावं म्हणून मी बैठक करत नाही. पहिल्या रात्री त्यांच्या घराचं दार बंद होतं. दुसऱ्या वेळी खिडकी उघडी होती, पण उन्हाळा होता. चौथ्या बैठकीच्या दिवशी दुपारी त्यांचा नातू दोन गाद्या आणि दोन तक्के घेऊन आला. म्हणाला, दादांनी पाठवलंय, गाणारे म्हातारे असतात, सतरंजीवर बसवू नका.

त्या रात्री मी अब्बांची बाज ढाळजेतून अंगणात ठेवली, जागा व्हावी म्हणून. दार सताड उघडं होतं. गाणं रस्त्यावर जात होतं, माईकशिवाय जाईल तेवढं. कुणी दार लावून घ्या म्हणालं नाही.

आता माझं मागणं. या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. मला आठ घरं हवी आहेत. राहतं असो की कुलूप लावलेलं. तीस माणसं मावतील एवढी एक खोली. भाषणं नकोत, सत्कार नकोत, पाहुण्यांच्या खुर्च्या नकोत, स्टेजही नको. घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, त्यांच्या अटी ऐका, त्यांतल्या निम्म्या तुमच्या फायद्याच्या निघतील. अजान झाली की गाणं थांबवा, शेजारच्या घरी मयत झाली असेल तर बैठक पुढं ढकला. कलाकाराचे पैसे बुडवू नका. आणि कोण येणार याची यादी करताना किमान पाच नावं अशी घ्या, जी तुमच्या घरात आजवर कधी आलेली नाहीत.

सतरंज्या आमच्याकडं आहेत. सहा आहेत, मोठ्या. लागल्या तर मला सांगा, मी गाडीत घालून घेऊन येतो.